फ्रिजवरचा फोन

१२ जानेवारी

ताई,

वाकून नमस्कार. वाकताना गुडघा कटकन वाजला. तुला काही तो ऐकू आला नसेल, मला मात्र आला.

पत्राला उशीर झाला, त्याचं कारण सध्या माझ्या डोक्यावर बसलंय. वाढदिवसाला पोराने आणि सुनेने मिळून बिनवायरचे हेडफोन दिले. म्हणायला भेट, पण मीही काही काल जन्मलेलो नाही. सकाळी मी मोबाईलवर जुनी गाणी लावतो आणि ती गल्लीच्या टोकापर्यंत जातात, त्यावर काढलेला हा गोड तोडगा. सून दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवते. दिवसभर कानाशी घासकामाची घरघर, तेव्हा सकाळी तरी तिला शांतता हवी असणार. असं ती म्हणाली नाही. ती मला काहीच म्हणत नाही. ‘बाबा, वाढलंय’ आणि ‘बाबा, येते’ एवढ्यावर आमचं भागतं.

तर पहिल्यांदा ते डोक्यावर चढवले आणि जगच बंद झालं. खाली वर्कशॉपात लेथ चालू होता, त्यावर कुणीतरी गादी टाकून बसल्यासारखा तो दबला. खोटं कशाला सांगू, घाबरलो. मग गाणं सुरू झालं, तेही कानात नाही, मधोमध, टाळूच्या खाली. बाई माझ्या डोक्यात बसून गात होती. फोन टेबलावर ठेवून मी पार दरवाज्यापर्यंत जाऊन आलो, तरी ती माझ्याबरोबर. कारागिरांना म्हटलं, काय शोध लावलाय रे. ते दोघे हसायला लागले. मी म्हणे ओरडून बोलत होतो.

पण खरी गंमत पुढेच. फोनमध्ये एक सोय सापडली. ऐकायला कमी येणाऱ्यांसाठी आहे. फोन समोर ठेवायचा, तो तिथला आवाज धरतो आणि मोठा करून हेडफोनमध्ये सोडतो. मी फोन ठेवला पंपाच्या मोटारीवर आणि लांब जाऊन उभा राहिलो. ताई, बेअरिंगमधली गोळी न गोळी बोलत होती. तुला आठवतं, गॅरेज झाडणाऱ्या पोराला मालकाने मोटारीपाशी उभं केलं ते कशामुळे? बाकीचे मोटार उघडून बघायचे. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला लावायचो, मूठ कानाला, आणि सांगायचो की मागचं बेअरिंग गेलंय. ज्या कानांवर घर बांधलं, त्यांना म्हातारपणी हा जोडीदार मिळाला.

तुला एक जोड पाठवू का? ही सोय तुझ्यासारख्यांसाठीच आहे.

तुझा,
ससा

२१ जानेवारी

सशा,

पोटभर आशीर्वाद. शेजारी डबा उघडला की दोन घरं पलीकडून धावत येणारा तू, तुझे कान या वयात आणखी लांब करायची काही गरज नव्हती.

माझ्यासाठी पाठवू नकोस. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलंय की माझ्या कानाची शीरच गेली आहे. दिवाच नाही, तिथे काच पुसून काय होणार? प्रेसमध्ये मुद्रितं तपासायला कान लागत नाहीत आणि तुझ्याशी भांडायला पत्र पुरतं.

मुद्रितं तपासणाऱ्याची खोड म्हण, एका वाक्यावर मी अडले. ‘ती मला काहीच म्हणत नाही,’ असं लिहून तू सरळ गाण्याकडे वळलास. माझी कवळी करायला घेतली तेव्हा ती पोरगी इथे माप घ्यायला आली होती. काम दहा मिनिटांचं, पण वहीत लिहून लिहून माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलत बसली. कवळी तर अशी बसली आहे की काढायला जीव होत नाही. न बोलणाऱ्यातली नाही ती. तुझी बायको गेल्यापासून त्या घरात तिच्याशी बोलणारं कोण आहे? भाचा माझा, पण तोंडात गुळणी धरून जन्माला आलाय.

तू तिला कधी काही विचारतोस का?

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

तुझा शब्द मी कधी खाली पडू दिलाय? लक्ष द्यायला लागलो, आणि आता ऐक.

नळ. मी वापरला की आवळून बंद करतो. माझा हात पाना धरणारा, त्यामुळे आमच्या घरातला नळ उघडायला पहिलवान लागतो. बरण्यांच्या झाकणांचीही तीच गत. सगळे नळ आता मी बोटाने फिरतील असे केले, वायसर नवे टाकले, झाकणं हलक्या हाताने लावतो. दुसऱ्या दिवशी तिने बरणी उघडली आणि हातातल्या झाकणाकडे बघतच राहिली. मी वर्तमानपत्रात तोंड घालून बसलो होतो.

दुसरं. ती कामावरून आली की मी जिन्यात विचारायचो, ‘आज उशीर?’ माझ्या मनात काही नसायचं. पण रोज दाराशी हजेरी लागते असं एखादीला वाटू शकतं. तर विचारणं सोडलं. आता नुसतं म्हणतो, ‘आलीस? पाणी घे.’

तिसरं जरा अवघड. तुझ्या भावजयीची खुर्ची. ती गेल्यावर महिन्याभराने सून तिच्यावर बसायला लागली, तेव्हा मी एकदाच म्हणालो होतो, ‘तिथे नको.’ एकदाच. तेव्हापासून ती ओट्याशेजारच्या स्टुलावर ताट मांडीवर घेऊन जेवते. मला वाटायचं तिला स्टूल आवडतं. परवा मी खुर्ची पुसली, ओढून पुढे केली आणि म्हटलं, आजपासून तू इथे बस. ती उभीच राहिली. मग बसली आणि जेवता जेवता एकीकडे डोळे पुसत राहिली. पोरगा ताटातून मान वर काढायला तयार नाही.

आता ती बोलते. लॅबमधल्या गमती सांगते. कुणाची तरी कवळी कुणाच्या तरी डब्यात गेली आणि दोघेही आठवडाभर तीच वापरत बसले, असलं काहीतरी. कारागिरांपुढे म्हणाली, ‘बाबांना न सांगता कळतं.’

सगळी तुझी कृपा.

ससा

१९ फेब्रुवारी

आत्या,

तुमची पाठराखण आहे म्हणून तुम्हालाच आधी लिहिते. बाबांना तुम्ही पत्रातून काय लिहिलंत ते मला माहीत नाही, पण जे लिहिलंत त्याबद्दल तुमच्या पाया पडते.

तीन वर्षं मी या घरात पाहुणी असल्यासारखी राहिले. कुणी वाईट वागलं असं नाही. वाईट वागलं असतं तर भांडता आलं असतं. आता बाबा असे झालेत की मी मनात आणावं आणि त्यांनी ते करावं. परवा मी कपाटाचं करकरणारं दार उघडून नुसती वैतागले. कुणाला काही बोलले नाही, माझ्या बहिणीशी फोनवर काय तेवढीच कुरकुर. संध्याकाळी बघते तर दाराला तेल. माझे स्वतःचे वडील असं कधी वागले नाहीत, त्यांना माझं नाव हाक मारण्यापुरतंच लागायचं.

एक गोष्ट तुम्हाला म्हणून सांगते. आम्ही लॅबजवळ दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. बाबांना अजून सांगितलं नव्हतं. हे तयार होते आणि माझं तर सामान मनात बांधूनही झालं होतं. मार्चअखेर मालकांना काय ते कळवायचं आहे. आता मी ह्यांना म्हटलंय की नको. खोल्या छान आहेत, पूर्वेला खिडकी आहे, जाण्यायेण्याचे दोन तास वाचतील. पण असा माणूस सोडून जायचं कुठे?

कवळी टोचत नाही ना? खालच्या बाजूला टोचली तर स्वतः घासत बसू नका, मला कळवा.

तुमची,
सूनबाई

२७ फेब्रुवारी

सशा,

सुनेचं पत्र आलं. कुणी माझ्या पाया पडलं की मी आधी पायात काय घातलंय ते बघते.

माझं पत्र मी पाठ करून लिहिते, तुला माहीत आहे. त्यात नळ नव्हता, झाकण नव्हतं, खुर्ची तर नव्हतीच. मी एवढंच लिहिलं होतं की तिला विचार. तू काय काय केलंस ते सगळं लिहिलंस, पण ‘मी विचारलं’ असं एकदाही लिहिलं नाहीस.

आपल्या आईला वांगं आवडत नाही हे तुला ती गेल्यावर कळलं. बायकोचा डोळा दुखत होता तेव्हा तू महिनाभर तिला चष्मा पुसायला सांगत होतास. लाख गुण आहेत तुझ्यात, मनकवडेपणा त्यात कधी नव्हता. आता कपाटाचं दार करकरतं हे तिने फोनवर तिच्या बहिणीला सांगितलं आणि संध्याकाळी तेल लागलं.

तुला कुणी सांगितलं?

ताई

५ मार्च

ताई,

तुझ्यापुढे कधी काही लपलंय?

जानेवारीत एका सकाळी, ती कामावर निघण्याआधी, फोन वर स्वयंपाकघरात राहिला, फ्रिजवर. मी खाली मोटार चाचणीला लावली, हेडफोन चढवले, ती सोय चालूच होती. मोटार गरगरतेय आणि कानात तिचा आवाज नाही. नळाचं पाणी पडतंय, ताटली ठेवल्याचा आवाज, आणि मग सून. फोनवर तिच्या बहिणीशी बोलत होती. बरोबर आमच्या डोक्यावर स्वयंपाकघर आहे, तेवढ्या अंतरात हे यंत्र चालतं.

नळाचं तेव्हाच ऐकलं. झाकणाचं, हजेरीचंही. शेवटी म्हणाली, ‘या घरात मला बसायला जागा नाही गं.’ मी हातात पाना घेऊन उभा होतो. हेडफोन काढायला दुसरा हात मोकळा होता.

पहिल्या दिवशी फोन विसरला होता. दुसऱ्या दिवशी तो मी ठेवला.

रोज ठेवायला लागलो. खाली चार्जिंगची सोय असताना वर फ्रिजवर चार्जिंगला. कारागिरांना वाटायचं मालक गाणी ऐकतात. तिने कुरकुर केली की संध्याकाळपर्यंत इलाज व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी मी कौतुक ऐकायचो. ताई, त्या कौतुकाची चटक लागते. उभ्या जन्मात माझी तारीफ झाली ती माझ्यासमोर, गरजू माणसांकडून. माझ्या पाठीमागे कुणी मला चांगलं म्हणतंय हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

एका दुपारी ती रजा घेऊन घरी होती, कुणाशीच बोलत नव्हती. एकटी रडत होती, तोंडावर काहीतरी दाबून धरल्यासारखी. का ते मला आजही माहीत नाही. तेव्हाही मी हेडफोन काढले नाहीत. काही बोलेल, काय दुरुस्त करायचं ते कळेल, म्हणून ऐकत राहिलो. ती बोलली नाही. मग तोंड धुतल्याचा आवाज आला. तो आवाज माझ्या कानांतून जात नाही.

दोन खोल्यांचंही ऐकलं. जाणार होते तेही, आणि आता जाणार नाहीत तेही. ‘असा माणूस सोडून जायचं कुठे’ हे तिने तुला लिहिलं असेल, तर ते मी तुझ्याआधी ऐकलंय. त्या दिवसापासून फोन खिशात असतो. पण आता खिशात ठेवून काय?

शिव्या दे.

ससा

१२ मार्च

सशा,

शिव्या देऊन तुला मोकळं करणार नाही.

मला ऐकू येईनासं झालं तशी मी ओठ वाचायला शिकले, हे घरात फार जणांना माहीत नाही. बहिरीसमोर बोलायला काय हरकत, म्हणून माणसं माझ्यापुढे काय वाट्टेल ते बोलतात. एकदा माझ्या दोन्ही जावा दारात उभ्या राहून माझ्याबद्दल बोलत होत्या, मी समोर भाजी निवडत होते. पहिलं वाक्य वाचलं गेलं. त्याला माझा इलाज नव्हता. दुसऱ्या वाक्याला मी मान खाली घातली आणि भाजीकडे बघत बसले. पहिलं वाक्य आपल्यावर येऊन आदळतं रे, दुसरं आपल्या हातात असतं. तू तर महिनाभर मान वर करून बसलास.

आणि मला त्यात भागीदार केलंस. ती माझ्या पाया पडते आहे. तिला काय उत्तर लिहू?

मार्चअखेरच्या आत तिला सांग. खोल्या हातच्या जाण्याआधी. राहायचं की जायचं हे तिने खऱ्या माणसाकडे बघून ठरवू दे.

ताई

१८ मार्च

ताई,

चार वेळा तिच्यासमोर बसलो. चारही वेळा ती माझ्या आधी काहीतरी चांगलं बोलली.

मला एक सांग, वाईट कुणाचं झालं? नळ फिरतात, खुर्ची मिळाली, घर एकत्र राहिलं. मी पुन्हा कधी ऐकणार नाही. सांगितलं तर हे सगळं मोडेल आणि सांगून भलं झालं तर फक्त माझ्या मनाचं होईल. आपलं मन हलकं करायला तिच्या मनावर दगड ठेवायचा, हे तरी कुठल्या शहाणपणात बसतं?

पोराने मालकांना अजून नकार कळवलेला नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कळवणार आहे.

ससा

२२ मार्च

सशा,

गॅरेजपासून इथवर तू बोलण्यावरच आलास, तेव्हा वकिली छान केली आहेस. पण वाचणारे दोन तास, पूर्वेची खिडकी, हे ती सोडते आहे ते ‘बाबांना न सांगता कळतं’ या एका वाक्यावर. ते वाक्य खोटं आहे हे जगात दोघांना माहीत आहे. दोघांपैकी एकाने तरी तिला सांगायलाच हवं. तू नाही सांगितलंस तर मी लिहीन. मला ते करायला लावू नकोस, तिची कवळी तोंडात घालून मी हे कसं लिहू?

तार समज. रविवारच्या आत.

ताई

३० मार्च

ताई,

सांगितलं.

रविवारी जेवताना. मोटार उघडून सगळे भाग कागदावर मांडावेत तसं मांडलं. विसरलेला दिवस, ठेवलेले दिवस, खोल्यांचं. पोरगा उठला. जन्मात त्याने माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी इतका चढवला की वर्कशॉपच्या पत्र्याला कंप सुटला असेल. त्याचं सगळं बरोबर होतं.

सून बसून होती. पोरगा थांबल्यावर तिने एवढंच विचारलं, ‘त्या दुपारचंही ऐकलंत?’

कुठल्या दुपारचं हे मला विचारावं लागलं नाही. मी हो म्हटलं.

तिने ताट उचललं, खुर्चीवरून उठली आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. उरलेलं सगळं जेवली, सावकाश. 

नंतर मी हेडफोन तिच्यापुढे नेऊन ठेवले. म्हणाली, ‘मला नकोत. तुमच्या मोटारींना लावा.’

खोल्या घेतल्या त्यांनी. पहिल्या तारखेला जातील. आता घरात ती फोनवर बोलायला गच्चीवर जाते, आणि मी वर येताना जिन्याच्या पहिल्या पायरीपासून खाकरत येतो. काल खाकरून खाकरून घसा बसला.

ससा

१४ एप्रिल

आत्या,

पत्र लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

आम्ही नव्या जागेत आलो. खिडकी खरंच पूर्वेला आहे. कामावर चालत जाते. सगळं मनासारखं आहे आणि मला स्वयंपाकघरात बोलता येत नाही. ह्यांच्याशी बोलतानाही आधी फ्रिजवर नजर जाते. वर काही नसतं, पावाचं पाकीट असतं.

राग ऐकल्याचा आहेच. पण त्याहून दुसऱ्याच गोष्टीचा त्रास होतो. त्या महिन्याभरात बाबा माझ्याशी जे जे चांगलं वागले ते मी आता एकेक हातात घेऊन बघते आणि मला ओळखता येत नाही, यातलं त्यांचं कुठलं आणि माझंच मला परत दिलेलं कुठलं. नळाचं जाऊ दे. ती खुर्ची त्यांनी आपणहून दिली असती का? मला सासूबाई आवडायच्या, आत्या. त्या खुर्चीवर बसले तेव्हा मला वाटलं होतं की त्यांच्या जागी मला कुणीतरी मानलं.

आणि एक विचारते, राग मानू नका. तुम्हाला हे माहीत होतं का?

सूनबाई

२३ एप्रिल

सशा,

तिने मला विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. मी ‘हो, पाच मार्चच्या पत्रापासून’ असं लिहून टाकलं. त्यावर तिचं काही आलेलं नाही. तीन आठवडे मी तुला मुदत देत बसले आणि तेवढे दिवस तिला अंधारात ठेवलं, हे माझ्या नावावर राहील. तुझ्यावर डाफरताना मी फार सरळ उभी होते, आता जरा वाकले आहे. कवळी खालच्या बाजूला टोचते. तिला कळवायचा धीर होत नाही, म्हणून पातळ खाते.

तिचा एक प्रश्न आहे. तिने तो मला विचारला, पण उत्तर तुझ्याकडे आहे. ऐकलं नसतंस, तर खुर्ची आपणहून दिली असतीस का?

मला गोड उत्तर नको. मला तर उत्तरच नको, तिला दे.

ताई

६ मे

ताई,

तुझा प्रश्न खिशात घालून आठवडाभर फिरलो. मोटारींचं काम करत होतो, पण प्रत्येक मोटार मला तेच विचारत होती.

रविवारी ती आली. एकटी. कपाटात तिच्या लॅबची काही पुस्तकं राहिली होती, ती न्यायला. मी वर गेलो नाही, खाली थांबलो. पुस्तकं घेऊन ती उतरली तेव्हा मी दारात उभा राहिलो आणि म्हटलं, तू आत्याला विचारलंस त्याचं उत्तर देतो. आपणहून दिली नसती. माझ्या ध्यानातच आलं नसतं. तू आणखी दहा वर्षं स्टुलावर जेवली असतीस आणि मी लोकांना सांगितलं असतं, आमच्या सुनेला स्टूल आवडतं.

तिने पुस्तकं लेथवर ठेवली. आणि मग बोलली, ताई. कारागिरांना सुट्टी होती म्हणून बरं, नाहीतर त्यांनी नोकरी सोडली असती. माझ्या तोंडावर, माझ्याच वर्कशॉपात, मोठ्या आवाजात. ऐकल्याबद्दल बोलली, त्याच्या आधीच्या तीन वर्षांबद्दल बोलली. मी सगळ्यांशी गोड बोलतो आणि कुणाला काही विचारत नाही, हेही. मध्ये मी ‘बरोबर आहे’ म्हटलं तर म्हणाली, मध्ये बोलू नका.  यातलं एक अक्षर मी आधी ऐकलेलं नव्हतं. फोनवर बहिणीला तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. महिनाभर चोरून ऐकून माझ्या हाती लागले होते नळ आणि बिजागऱ्या.

बोलून झाल्यावर तिने पाणी मागितलं. मी दिलं. ते पिऊन झाल्यावर मी विचारलं, त्या दुपारी का रडत होतीस? तिने ग्लास पुस्तकांशेजारी ठेवला. म्हणाली, ‘ते मी तुम्हाला सांगणार नाही, बाबा.’

मी बरं म्हटलं.

तुझी कवळी टोचते हे मी तिला सांगितलं. तू सांगू नको म्हणाली नव्हतीस, म्हणून. तिने विचारलं, कुठल्या बाजूला? मी म्हटलं, खालच्या, उजवी की डावी ते माहीत नाही. ‘त्यांना पत्र लिहून विचारते,’ म्हणाली. आवाज काही मऊ नव्हता, पण लिहिते म्हणाली. तेव्हा बाजू नक्की करून ठेव.

पुस्तकं घेऊन निघाली. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, चार पावलं मागे राहून. तिथे तिला विचारलं, पुढच्या रविवारी दोघं जेवायला याल का?

ती म्हणाली, ‘बघते.’

ताई, बेअरिंगच्या आवाजावरून मी सांगतो की मोटार अजून किती दिवस चालेल. त्या ‘बघते’वरून मला काहीच कळलं नाही. यायचं आहे म्हणून बघते, की यायचं नाही म्हणून बघते? तिथून ती घरी गेली असेल, पोराशी काहीतरी बोलली असेल. काय, ते मला माहीत नाही.

आज बुधवार आहे. रविवारचं सामान तिघांपुरतं आणून ठेवतो.

ससा